चतुःसीमा

एकतीस वर्षं मी कुताइसीच्या नोंदणी कचेरीत
लोकांच्या जमिनी कागदावर उतरवल्या.
पूर्वेस ओढा, पश्चिमेस द्राक्षांचा मांडव,
उत्तरेस रस्ता, दक्षिणेस मयत शाल्वाचे वारस.
चारही अंगांना दुसरं कोणी असल्याशिवाय
आपलं असं काही नसतं,
एवढं त्या नोकरीनं शिकवलं.

आता भाचा सांगतो, लमारा मावशी,
तुझ्या अंगणातलं झाड मी विकलं.

झाड नव्हे, झाडाचा फोटो.
फोटोही नव्हे, म्हणतो, फोटोचा दाखला.
नोव्हेंबरातली करालियोकी, पानं झडलेली,
उघड्या फांद्यांवर केशरी फळं तेवढी,
आवराआवरीत राहून गेल्यासारखी.
अँटवर्पच्या योरिस नावाच्या दंतवैद्यानं घेतला.
किंमत ऐकून मी चहाचा पेला खाली ठेवला.
त्या पैशात छताचे पत्रे झाले
आणि रेझोचे पुढचे दोन दात.

मग तो येऊन फळं तोडणार?
नाही.
फोटो इतरांना दिसणार नाही?
दिसेल. कोणीही उतरवून घेऊ शकेल.
मग त्याच्याकडे आहे काय?
नाव, रेझो म्हणाला.
हजारो यंत्रांच्या वहीत एकाच वेळी लिहिलेलं,
कोणालाही खोडता न येणारं.

मी हसले नाही.
न खोडलेल्या नोंदी मी पाहिल्या आहेत.
एका वर्षी डोंगर सुटला आणि वरचं अख्खं गाव
रातोरात नदीपर्यंत उतरलं.
महिन्याभरानं माणसं आली, छातीशी खरेदीखतं धरून.
कागद कोरडे, शिक्के ठळक,
चतुःसीमा बिनचूक. पूर्वेस चर्चची भिंत.
भिंत कुठाय, मी विचारलं.
त्सिसाना नावाच्या बाईनं खिडकीतून नदी दाखवली.
साहेब म्हणाले, नोंद कायम ठेवा.
ठेवली. अजून असेल.

त्यामुळे रेझोला वाटलं त्याहून लवकर मला कळलं.
मालकी वस्तूत नसतेच.
अमुक गोष्टीवरून भांडायचं नाही
असं बाकीच्यांनी ठरवलेलं असतं, तेवढीच ती.
आणि बाकीचे म्हणजे आमच्याकडे गोचा.
मुळं त्याच्या हद्दीत शिरली म्हणून
गोचानं मार्चमध्ये झाड तोडलं.
नकाशा त्याच्या बाजूनं होता.
नकाशावर सही माझी.

यंदा योरिसचं पत्र आलं.
फोटो दिसत नाही म्हणतो.
वहीत नाव आहे, नावापुढे दाखला आहे,
दाखल्यात पत्ता आहे, पत्त्यावर कोणी राहत नाही.
ज्या कंपनीच्या गोदामात चित्र होतं
तिनं शटर ओढून घेतलं, कोणाला न सांगता.
आणि रेझोचा तो फोन बाटुमीला समुद्रात गेला.
तुमच्यापाशी एखादी प्रत असेल का?
इतक्या नम्रपणे विचारलंय,
मालकानं विचारू नये इतक्या.

मी रेझोला म्हटलं, लिही.
पूर्वेस माझं स्वयंपाकघर,
फांदी आड येई म्हणून खिडकी अर्धीच उघडायची.
उत्तरेस खुराडं, तिथे नऊपर्यंत सावली.
पश्चिमेस गोचा.
दक्षिणेस…
दक्षिणेस काय होतं रे?
मी होतो, रेझो म्हणाला, फोटो काढत, चिखलात.
मग तसं लिही.
हे दाखल्यात बसत नाही, मावशी.
ठाऊक आहे. पाठव.

उत्तर अजून आलेलं नाही.
काल मात्र गोचानं अर्धी लाकडं
फाटकाशी आणून टाकली. मी मागितली नव्हती.
त्यानं काही म्हटलं नाही, मीही पावती केली नाही.
नीट वाळलेली नाहीत.
चुलीत धूर फार करतात.