पान त्र्याऐंशी

पाचशे प्रती.
मोघे मुद्रक म्हणाले, तीनशेत आणि पाचशेत
पैशांचा फरक फारसा नाही, बाई,
फरक पडतो तो जागेचा.
हे त्यांनी टेम्पो दारात आल्यावर सांगितलं.

आता दिवाणाखाली गिऱ्हा,
शिलाई मशीनखाली गिऱ्हा,
सिलिंडरला टेकून दोन खोकी गिऱ्हा.
पाण्यातलं भूत, आगीचं वावडं असणार,
पण धायरीच्या दीड खोलीत
कुणाकुणाचं वावडं सांभाळायचं?

मी आरटीओत कारकून, संगम पुलाजवळ.
बावीस वर्षं लोकांच्या गाड्या चालण्यालायक आहेत
असे कागद या टेबलावरून त्या टेबलावर.
डबा खाताना खिडकीतून नदी दिसते, वासही येतो.
एकदा वाटलं, याही पाण्यात
कुणीतरी राहत असेल,
आणि त्याला नाक असेल.

तिथून कादंबरी.
गिऱ्ह्याला बदली हवी आहे, वरच्या अंगाला, पानशेतकडे.
अर्ज तीन प्रतींत. ओले स्वीकारले जाणार नाहीत.
एवढीच गोष्ट, दोनशे सोळा पानं.

एका प्रकाशकाने कळवलं, भूत काढलंत तर विचार करू.
दुसऱ्याने कळवलं, विनोद काढलात तर.
मी दोन्ही ठेवलं
आणि पतपेढीतून कर्ज काढलं.

अप्पा बळवंत चौकात दुकानदाराने पुस्तक उलटंसुलटं केलं.
स्पर्धा परीक्षेला आहे का?
नाही.
मग कुणाला आहे?
पाच प्रती ठेवून घेतल्या, पंचेचाळीस टक्क्यांवर.
पुढच्या आठवड्यात गेले तर
मुखपृष्ठ हिरवं म्हणून
गिऱ्हा घरगुती औषधांच्या रांगेत उभा.

प्रकाशनाला अठरा माणसं.
त्यांतली सात नंतरच्या पाककृती स्पर्धेची,
जागा धरून बसलेली.
मी वाचलेल्या तीन विनोदांना कुणी हसलं नाही.
आभार मानताना हसले.

ईशान, माझा भाचा, म्हणाला, मावशी, रील करू.
पुस्तक छातीशी धर, डोळे मोठे कर.
धरलं. केले.
दोनशे अकरा जणांनी बघितलं.
एकीने विचारलं, साडी कुठून घेतली?

मग एक प्रत मी ऑफिसच्या बाकावर विसरले,
म्हणजे विसरल्यासारखी ठेवली,
लायसनवाल्यांच्या रांगेशेजारी.
आतल्या पानावर माझा नंबर.
दोन तासांत गेली. वाटलं, भेळवाल्याकडे.

तीन आठवड्यांनी, रविवारी, फोन.
मी रंगनाथ खळदकर. जलपर्णी काढायच्या मशिनीवर असतो.
तुमचं पान त्र्याऐंशी चुकलंय.

काय चुकलंय?

तुम्ही त्याला तिसऱ्या कमानीखाली झोपवलंय.
तिथं कमरेएवढा गाळ आहे, मॅडम.
दुसरीखाली झोपवा. दुपारची सावली पण असते.

मी पेन शोधलं. बाकी?

बाकी बरोबर आहे.
मग मशीन बंद झाल्यासारखी शांतता, आणि:
त्या अर्जाचं पुढं काय झालं? शेवटी कळतच नाही.

दुसऱ्या भागात, मी म्हटलं.
दुसरा भाग आहे
हे मलाही तेव्हाच कळलं.

पुस्तक परत आणून देऊ का, असंही त्याने विचारलं.
विकत घेऊ का, असं नाही.

रात्री खोकी उघडली.
चारशे चौतीस प्रती, एक निळं पेन.
‘तिसऱ्या’ खोडायचं, वर ‘दुसऱ्या’ लिहायचं,
शाई वाळेपर्यंत फुंकर, बंद, पुढची.
चाळिसाव्या प्रतीला बोट दुखायला लागलं.
शंभर आणि वर कितव्या तरी प्रतीला
नजर दोन ओळी खाली घसरली,
तिथे गिऱ्हा ओला अर्ज
पंख्याखाली धरून बसलाय, स्वतःच ठिबकत,

आणि मी हसले.
एकटी, मोठ्याने, नाकातून आवाज येईपर्यंत.
खालच्या मजल्यावरून कुणीतरी छताला काठी ठोकली.
मी तोंडावर हात ठेवला,
दुसऱ्या हाताने
पुढची प्रत ओढली.