शिक्का सत्तेचाळीस

बोर्डावर कंपनीचं नाव नाही.
चुंग-हान भिंगातून आकडे वाचतो, वहीत लिहितो, खोडतो.
तीनशे शहाऐंशी, एवढंच नक्की.
इवल्या निळ्या पिंपासारखी बॅटरी फुटून
तिचा हिरवा खार
कीबोर्डच्या खोबणीपर्यंत ओघळलाय.

त्साईबाई चहा ठेवायला आल्या नि थबकल्या.
"उलटा कर."
पाठीवर, डाखाच्या ठिपक्यांत,
फिकट जांभळा शिक्का: ४७.
"ही आमची लाइन. ताओयुआन, दुसरी पाळी.
बॅटऱ्या हातानं बसवायचो.
सत्तेचाळीस म्हणजे श्यो-लान. डावखुरी.
बघ, डाख सगळे एकाच अंगाला कललेत."

मग त्यांनीच व्हिनेगर मागितलं,
दातांचा जुना ब्रश,
आणि खार फसफसून निवेपर्यंत
चकार शब्द नाही.
नवी बॅटरी लांब वायरीवर, बोर्डापासून दूर बांधली.
"फुटली तर एकटी फुटू दे."

पडदा उजळला.
एक जानेवारी, एकोणीसशे ऐंशी.
चुंग-हान तारीख बदलायला बोट पुढे करतो.
"थांब," त्या म्हणाल्या, "आधी चहा पी.
त्या साली श्यो-लान गावातच आहे.
कारखान्याची बस
तिनं अजून पकडलेली नाही."