असं कोण टाकेल?

कुओपिओच्या इस्पितळात, चौथ्या मजल्यावर
साइमी नावाची नर्स
रात्री सव्वातीनला, हातमोजे न काढता,
औषधाच्या रकान्यात लिहिते:
दोन, स्वल्पविराम, पाच.

आमच्याकडे दशांशाला स्वल्पविरामच देतात.
मला हे पहिलीपासून ठाऊक आहे.
माझ्या कोडला नव्हतं.
त्याने स्वल्पविराम गिळला, ढेकरही दिला नाही,
आणि पंचवीस पुढे पाठवले.

आउलिस म्हणाला होता, आठ महिन्यांपूर्वी:
हा रकाना एकदा तपासून घेऊ या का?
शुक्रवार होता. घरी सौना तापत होता.
मी म्हणालो, असं कोण टाकेल?
आणि त्या ओळीवर शेरा मारला:
इथवर कोणी पोचणार नाही.

माझ्या चाचण्यांतली माणसं फार गुणी होती.
वय चाळीस, वजन सत्तर, नाव मात्ती.
एका वेळी एकच कळ दाबायची,
कधी पेंगायची नाहीत,
आणि त्यांच्यापैकी कुणालाही
चार किलोचं मूल नव्हतं.

साइमीने सिरिंज उजेडात धरली
आणि पुन्हा ट्रेमध्ये ठेवली.
डोळ्यांना एवढं औषध पटलं नाही, इतकंच.
मग तिने मला उठवलं.
ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.
विचारलं, तुमच्या यंत्राला पोर केवढं आहे ते माहीत नाही का?
माहीत आहे, मी म्हणालो,
पण ते दुसऱ्या रकान्यात आहे.

फोनवर बराच वेळ कोणी बोललं नाही.

माझे वडील कल्लावेसीवर मासे धरायला जायचे.
फेब्रुवारीत, ट्रॅक्टर जाईल एवढा बर्फ,
तरी दर वीस पावलांना गिरमिट काढून
भोक पाडायचे, हाताने जाडी मोजायचे.
मागून येणारे हसत पुढे निघून जायचे,
मला लाज वाटायची.
काल इथूनच तर गेलो होतो, मी म्हणायचो.
काल गेलो होतो, ते म्हणायचे,
आणि गिरमिट फिरवत राहायचे.
आमच्याकडे मासे नेहमी उशिराच शिजले.

आता त्या एका आकड्यासाठी माझ्या अकरा ओळी आहेत.
परवा बारावी घातली:
कुणीतरी रकान्यात नुसती मोकळी जागा भरून पाठवली होती,
तीन वेळा, बहुधा रडत असेल,
किंवा मांजर असेल. मला कळायची सोय नाही.

नवी आलेली इंकेरी हुशार आहे, भरभर लिहिते.
माझ्या बारा ओळींकडे बघून म्हणाली,
अहो, पण असं टाकेल कोण?

मी उत्तर दिलं नाही.
खणातून इस्पितळाचे हातमोजे काढले,
एक आकार मोठे,
आणि तिच्या कीबोर्डवर ठेवले.
घाल, म्हटलं. दिवा मालव.
आता दोन पूर्णांक पाच लिही.