चौदा बोटं

दाभोळच्या जेट्टीवर, फेरीच्या तिकीटखिडकीला लागून
माझं दुकान. झेरॉक्स, रिचार्ज, विमानाची तिकिटं.
दाऊद नाखवा नातीला घेऊन आला.
सफियाला कुवेतला नोकरी लागलीय,
औषधांच्या दुकानात.

मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली.
मुंबई ते कुवेत, मधे कुठं उतरायचं नाही,
पावणेतीन हजार किलोमीटर,
चार तास.

"आणि इथनं मुंबईचा विमानतळ?" सफिया म्हणाली.
आठ तास धर. माणगावला अडकलीस तर नऊ.
ती हसली. नाखवा नाही हसला.
तो त्या चारच्या आकड्याकडे बघत होता,
लिलावात कुणी पापलेट फुकट देऊ करावं तसा.

"आम्हाला बावीस दिवस लागले बसऱ्याला.
वारा बरा होता तरी.
जाताना कौलं, येताना खजूर."

हे सगळ्या दाभोळला पाठ आहे.
पुढचं मी कधी ऐकलं नव्हतं.

"रासलहदच्या अलीकडे दीड दिवस, धाकू खारवी गेला.
तापानं. माझ्याच वयाचा, एकोणीस.
पायाला कौलं बांधून सोडला. सात कौलं.
बसऱ्याला शेठच्या माणसानं माल मोजला
नि सात कौलांचे पैसे
माझ्या हिश्श्यातनं कापले."

मग त्यानं हात लांब केला, माझ्या ट्यूबलाइटकडे,
चार बोटं आडवी धरली,
त्यावर चार, त्यावर चार,
वर आणखी दोन.
"त्या रात्री ध्रुव एवढा वर. चौदा बोटं.
आता सांग, हिचं विमान तिथनं किती वाजता जाईल?"

नाव, पासपोर्ट, सामान किती, जेवण कुठलं,
सगळ्याला रकाना आहे.
याला नव्हता.
मी कॅल्क्युलेटर ओढला, उगाच दोनदा पुसला.
उड्डाण नऊ वीसचं, वर दीड तास.
"दहा पन्नास. पाच मिनिटं इकडं तिकडं."

फेरीच्या जुन्या वेळापत्रकामागे
त्यानं ते लिहून घेतलं.
"खिडकी दे हिला."
उजवी की डावी?
"उजवी," म्हणाला, जराही न थांबता,
"उत्तर त्या अंगाला येते."

त्या रात्री विमान चाळीस मिनिटं उशिरा सुटलं.
मोबाइलवर बघितलं, दुकानाचं शटर अर्धंच ओढलं
आणि जेट्टीच्या टोकाला धावलो.
शेवटची फेरी केव्हाच लागली होती,
दोरखंड कुरकुरत होते.
तो समुद्राकडे पाठ करून उभा,
हात लांब, डोंगराच्या वर कुठंतरी बोटं मोजत.

नाखवा, साडेअकरा होतील.
"थांबतो," म्हणाला.
मग हात तसाच ठेवून,
"इथनं अकराच भरतात बघ.
तीन बोटं वर आहे तो."

मी बघितलं. मला ध्रुव कुठला ते ओळखता येत नाही.
मी त्याच्या बोटांकडे बघत राहिलो.