कान

सूर नावाचं बंदर आहे ओमानात.
मराठी माणसाला ते गाणं वाटतं.
इथं ऐकू येतात ते रंधे, आणि दुपारी तेही नाहीत.

खमीस बिन सुवैदनं टॉवेलात गुंडाळून पिस्तूल आणलं,
टेबलावर ठेवलं. म्हणाला, बघ.
मी दिवा ओढला, भिंग लावलं.
चिपळूणच्या घड्याळजीचा मुलगा मी,
मला आधी स्क्रू दिसतात, मग माणसं.

दस्ता अक्रोडाचा. तळाशी कीड, जुनी, थांबलेली.
घोड्याच्या जबड्यात गारगोटी शाबूत,
तिच्याखालची चामड्याची चिंधीही मूळचीच.
कमान मऊ पडलीय.
एक स्क्रू अलीकडचा, बहुधा शिलाई मशीनचा.
चांदीचं काम लाकडापेक्षा तरुण,
आणि कुणीतरी ते लिंबानं घासून लख्ख केलंय.
"सुनेनं," खमीस अभिमानानं म्हणाला.
मी मनातल्या मनात किमतीचा तिसरा हिस्सा उतरवला
आणि म्हणालो, छान.

मग कामटी घेतली,
रुवीतल्या खोलीवर केलेल्या आकाशकंदिलातून उरलेली.
नळीत सोडली, तोंडाशी पेन्सिलीनं खूण केली,
काढून नळीला बाहेरून लावून धरली.
कानापाशी पोचायला हवी होती.
दोन बोटं अलीकडेच थांबली.

पुन्हा मोजलं.
"आत दारू आहे," मी स्वतःशी पुटपुटलो, मराठीत,
आणि उगाच दाराकडे पाहिलं.

अरबीत सांगितलं तेव्हा खमीस खाली बसला.
लग्नांत हातोहात फिरलंय हे, म्हणाला,
नातवानं माझ्या कपाळाला लावून फोटो काढलाय.
मी पिस्तुलाचं तोंड भिंतीकडे फिरवलं,
उशीर झाल्यावर फिरवतात तसं.

रंजकदाणीत काजळी होती.
म्हणजे ठिणगी पडली होती, रंजक पेटली होती,
आणि बार उडाला नव्हता.
सुईनं कान उकरला.
मेण निघालं. खोल दाबलेलं, डाळीएवढं.

पणजोबानं सख्ख्या भावावर रोखलं होतं हे,
खमीस हळूहळू सांगू लागला,
एका गलबताच्या वाटणीवरून, खाडीकाठी, चारचौघांत.
आम्ही सांगतो, ऐनवेळी त्याचा हात झाला नाही.
भाऊ त्याच रात्री झांजिबारला गेला.
"घरी कोण होतं तेव्हा?"
"बायका," तो म्हणाला, आणि पुढचं बोललाच नाही.

मेण कुणाचंही असेल.
खारं पाणी शिरू नये म्हणून खलाशीही लावत असतील.
हे मी त्याला सांगितलं. सांगायलाच हवं.
त्याचं लक्ष नव्हतं.
नखावर घेऊन तो मेणाचा वास घेत होता.

दोन दिवस खोबरेल मुरवलं.
तिसऱ्या दिवशी मळसूत्री आकड्यानं ओढून काढला
खजुराच्या काथ्याचा बोळा, मग शिशाची गोळी,
मग दारू, ओल्या कोळशाच्या चुऱ्यासारखी,
ती बादलीत कालवून टाकली.

अहवालात लिहिलं: स्थिती मध्यम. कमान बदलू नये.
चांदी पुन्हा घासू नये. चारशे रियाल,
फार तर साडेचारशे.
कान: मोकळा.

खमीसनं माझे पैसे चुकते केले.
विकायचं नाही आता, म्हणाला.
मेण तेवढं कागदाच्या पुडीत बांधून मागितलं.

यंदा कंदिलाला एक कामटी कमी पडली.
ती होती, पेन्सिलीच्या खुणेची.
घेतली नाही.