माशाच्या बाजूने

सहामाहीत, प्रश्न तिसरा, दोन गुण:
पाण्यातली वस्तू असते त्याहून वर का दिसते?
गुंडू मेथरने एकच ओळ लिहिली होती,
कुणाच्या तरी उसन्या हिरव्या शाईत:
‘मासो दिसता थंय नसता. वायच खाली मारूचो.’
खाली आकृती: भाला घेतलेला माणूस, एक शेवटो,
मधे पाण्याशी मोडलेली रेघ.
रेघेला बाण नव्हता.

मी अर्धा गुण दिला.
घन माध्यम नाही, विरळ माध्यम नाही,
स्तंभिका तर नाहीच नाही.

मी सांगोल्याची. आमच्याकडे पाणी
रांजणाच्या तळाशी असायचं,
आणि असायचं त्याहून कमीच दिसायचं.
आई म्हणायची, नजर खोटी गं, तांब्या बुडव.
आईला तरी मी किती गुण दिले असते?

देवबागच्या शाळेला दोन्ही अंगांनी पाणी.
एका खिडकीत कर्ली, दुसरीत दर्या.
इथे मी टेबलावर पितळी वाटी ठेवते,
वाटीत रुपया, मागे सरका म्हणते, आणखी मागे,
दिसेनासा झाला? आता बघा,
आणि पाणी ओतते.
रुपया काठावर डोकावतो.
पोरं जांभया देतात.
त्यांनी नाणी वर येताना नाही,
जेवण वर येताना पाहिलंय.

गुंडू उठला. हात पाठीमागे.
‘बाई, माशाक आमी खंय दिसतंव?’

पुस्तकात मासा बघत नाही.
पुस्तकात मासा नुसता दिसतो.

त्या रात्री वीज गेलेली. मेणबत्तीपाशी बसून
मी स्तंभिका काढली, कोन मोजले,
पेन्सिल माशाच्या डोळ्यापासून निघाली
आणि वर जाऊन त्याच जागी मोडली,
जिथे गुंडूची रेघ मोडली होती.
एकच वाट. जायचीही तीच, यायचीही तीच.
शिकारी माशाला पाहतो आणि चुकतो,
मासा शिकाऱ्याला पाहतो आणि चुकतो,
दोघेही एकाच किरणाच्या दोन टोकांना.
आणि अठ्ठेचाळीस अंशांच्या पलीकडे
पाण्याचं छत आरसा होतं.
सगळं आभाळ, माड, होड्या, अख्खं देवबाग
माशाला एका परातीएवढ्या गोलात.

रविवारी सुकतीला मी खाडीत उतरले,
साडीवरून पोरींचा जुना टी-शर्ट चढवून.
डोळे उघडले तर सगळा चिखल-उजेड.
खरंच की. डोळ्यात पाणी, बाहेर पाणी,
प्रकाशाने वळायचं तरी कशासाठी?
मग गुंडूच्या भावाने पर्यटकांचा मुखवटा दिला,
काचेमागे मूठभर हवा असलेला.

काच सपाट, म्हणून गोल पुरता नाही दिसला.
त्याची एक कड दिसली, थरथरणारी,
कडेच्या अलीकडे छतात उलटी वाळू
आणि वाळूवर उलटा चालणारा एक खेकडा.
कडेच्या पलीकडे गुंडू.
कमरेपाशी तुटलेला.
पाय इथे, माझ्या शेजारी, गुडघ्याला खरूज,
आणि धड कुठल्या कुठे वर,
भाल्यासकट उजेडात टांगलेलं.

वर आले. नाकातोंडात खारट.
‘काय दिसला, बाई?’
‘तू. आहेस त्याहून उंच.’
तो हसला नाही. मान हलवली,
जणू माशांबद्दलचा एक जुना संशय फिटला.
‘म्हणान ते आदीच पळतत.’

सोमवारी पेपर परत मागून घेतला. दीड गुण केला.
उरलेला अर्धा का नाही, त्याने विचारलं.
म्हटलं, किरणाला बाण हवा.
बाणाशिवाय किरण म्हणजे नुसती रेघ.

पेन घेतलं त्याने, टोपण दातात धरलं,
आणि मोडलेल्या रेघेवर हात तसाच ठेवून
माझ्याकडे पाहिलं:
‘खंयच्या बाजून काढू?’