साभार परत

बाबा गेले त्या आठवड्यात आठ ओळी लिहिल्या,
एका दिवाळी अंकाकडे पाठवल्या.
छापील चिठ्ठीसकट आल्या, साभार परत.
मग सोसायटीच्या ग्रुपवर टाकल्या,
खाली नाव : वैजयंती केसकर.

कर्वेनगरपर्यंत नाव टिकलं.
स्वारगेटला नुसतं 'साभार' उरलं.
मगरपट्टा ओलांडताना 'कवी अज्ञात',
आणि त्यापुढे फक्त
जोडलेल्या हातांची तीन चित्रं.

मार्चमध्ये मावसभावाने मलाच पाठवल्या.
बघ, किती छान लिहिलंय कुणीतरी.
मी लिहिलं, अरे, माझ्या आहेत.
तो म्हणाला, हो ना! मलापण
अगदी माझ्याच वाटल्या.

सकाळी सहाला एक आजोबा
आकडी लावलेली काठी आमच्या कुंपणावरून आत घालतात.
तगर, जास्वंद, अनंताचं एखादं.
मी पाटी लावली : विचारल्याशिवाय फुले तोडू नयेत.
दुसऱ्या दिवशी तिच्याखाली बॉलपेनने, सुवाच्य :
देवासाठी आहेत.
आता यावर काय बोलणार?

आणि मी तरी कुठली मोठी.
अप्पा बळवंत चौकात अकाउंटन्सीचं अख्खं पुस्तक
झेरॉक्स करून, स्पायरल मारून आणलं होतं.
वर शाईने माझं नाव घातलं, ठळक.
लेखकाच्या नावाचं पान
काढलंच नव्हतं, पन्नास पैसे वाचतात म्हणून.

सासवड रस्त्याने एका लग्नाहून परतत होते.
फुरसुंगी फाट्यावर फ्लेक्स.
कै. निवृत्ती शेवाळे, फेटा, मागे ढग,
आणि ढगांत माझे बाबा :
'चष्म्याच्या काडीला गुंडाळलेला दोरा
अजून सुटलेला नाही.'

तो दोरा तापकीर गल्लीतला.
मिक्सरच्या मोटरी भरताना बांधायला घ्यायचे,
त्याच रिळाचा, दाताने तोडलेला.
शेवाळ्यांना चष्मा नव्हता.
फोटोत तरी नव्हता.

रिक्षा थांबवली. भांडायचं वाक्य तयार होतं.
कोपऱ्यातला नंबर लावला, तो निघाला
फ्लेक्स छापणाऱ्या तन्वीरचा.
मॅडम, पार्टीने दिलं तसं छापलं.
मॅटर कुणाचं असतं का?
ज्याचा फोटो, त्याचं मॅटर.

मीटर पडत होतं.
मी रागारागाने शेवटपर्यंत वाचत गेले
आणि अडखळले.
आठ ओळींच्या दहा झाल्या होत्या.

'आता उशिरा घरी आलं
तर नुसता उशीर होतो.'

या माझ्या नव्हत्या.
मला सुचल्या नव्हत्या, आठ महिने
त्याच दाराशी उभी असून.
वाटेत कुणीतरी, हडपसरला की आणखी कुठे,
फोनवर अंगठ्याने, बहुतेक रात्री,
ज्याच्या घरी कुणी व्हरांड्यातला दिवा
चालू ठेवायचं,
त्याने लिहून पुढे ढकलल्या,
आणि नाव घातलं नाही.

रिक्षावाला म्हणाला, ओळखीतले होते का?
मी हो म्हणाले.
कोण, ते त्याने विचारलं नाही.

तन्वीरकडून मुलाचा नंबर घेतला.
तो घाबरला. ताई, आम्हाला असंच आलं होतं.
आई रडली, म्हणून टाकलं.
तुमच्या वडिलांवरचं आहे का हे? काढू का?
मी म्हणाले, राहू दे.
आठ ओळींपुरतंच आहे.
आणि ते शेवटचं? शेवटचं कुणाचं?
तो म्हणाला, आम्हाला वाटलं, सगळं एकाचंच.

वहीत आठव्या ओळीखाली जागा होती.
तिथे त्या दोन पेन्सिलीने उतरवून ठेवल्यात.
ज्याच्या असतील त्याने मागाव्यात,
लगेच खोडून देईन.
पेनने लिहायला हात होत नाही.

त्या रात्री घरी पोचायला साडेदहा झाले होते.
नुसतेच साडेदहा.